कुत्र्याने भलतेच काही गिळले तर

रबाळे हे ठाणे खाडीच्या बाजूचे जुने गाव. एके काळी इथे भातशेती होती, मासेमारी होती. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले, भोवती नवी मुंबई उभी राहिली. पण दारातले कुत्रे काही गेले नाही. रात्री कोणी परका आला की तेच आधी भुंकते. मात्र ते काय तोंडात घालील, याचा नेम नसतो.

उंदराच्या औषधाचेच पाहू या. त्याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एक काळपट भुकटी. तिचे नाव झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी मिळून तिचा विषारी वायू होतो. कुत्रे उलट्या करते, तेव्हा तोच वायू आपल्यालाही बाधतो. म्हणून कुत्र्याला मोकळ्या हवेत आणावे. खायला काही घालू नये.

दुसरे औषध वडीसारखे असते. ते फार फसवे. वडी खाऊन कुत्रे दोन-तीन दिवस मजेत हिंडते. घरचे म्हणतात, "काही झालं नाही, चांगलं खेळतंय की!" पण आतून रक्त गोठायचे बंद होत असते. मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. कधी रक्त आतल्या आतच साचते, आणि कुत्रे नुसते धापा टाकते. यावर उतारा आहे. के जीवनसत्त्वाचे औषध डॉक्टर काही आठवडे देतात. रक्त दिसायच्या आधी ते सुरू झाले, तर कुत्रे बहुधा वाचते. तेव्हा वडी खाल्ली एवढे कळले की पुरे, लक्षणांची वाट पाहू नका.

आपल्याकडे विष म्हटले की कोणी मिठाचे पाणी आणतो, कोणी दूध, कोणी तेल. आम्ही म्हणतो, यातले काहीच पाजू नका. जास्त मीठ कुत्र्याला स्वतःच विष आहे. दूध सगळी विषे मारते, ही नुसती समजूत. जबरीने ओतलेले तेल फुप्फुसात जाते. संडास धुण्याचे आम्ल गिळले असेल, तर ते जाताना जाळते आणि उलटीबरोबर येतानाही जाळते. उलटी करवायची की नाही, ते डॉक्टर ठरवतील. त्यासाठी पहिले एक-दोन तास मोलाचे.

आपले काम वेगळे आहे. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वाजता, हे आठवून ठेवा. आता वाचता येते, तर पाकिटावरचे नाव वाचून डॉक्टरांना फोनवर सांगा. पाकीट सोबत न्या.

खाडीकाठी आणखी एक धोका, मासळीचा गळ. गळ गिळला आणि तंगूस तोंडाबाहेर लोंबत असला, तर ओढू नका. आतडे फाटेल. दोरा तसाच राहू द्या. आंब्याची कोय किंवा मक्याचे कणीस आतड्यात अडकले, तर कुत्रे पुन्हा पुन्हा ओकते, शी होत नाही. तेही डॉक्टरांचेच काम.

जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आधीच विचारून ठेवावा. जनावरांच्या सरकारी फिरत्या पथकाचा फोन १९६२. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे जनावरांचे रुग्णालय आहे. त्याच्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. नेताना कुत्रे ओकत असेल तर त्याचे तोंड बांधू नये. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवावे, आणि तोंडात पाणी घालू नये.