हायब्रिड गाडी, चार्जरची गन आणि इच्छापूर रोड

बुऱ्हाणपुरात कुणी हायब्रिड गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला: 'आता चार्जिंगचं कसं करणार?' काहीच नाही करायचं. ग्रँड विटाराची स्ट्राँग हायब्रिड, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस या गाड्यांना बाहेरून चार्ज करायची सोयच नाही. विटाराची हायब्रिड बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची; इंजिन आणि ब्रेक तिला चालता चालता भरतात. बाहेरून वीज घेते ती प्लग-इन हायब्रिड. आपल्याकडे ती अजून बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या कोटींच्या गाड्यांतच सापडते.

पण प्लग-इनवाल्यांचाही एक गैरसमज असतो, आणि तो ऐन रस्त्यात महागात पडतो. इंदूर-इच्छापूर रोडवर फास्ट चार्जर दिसला म्हणजे आपली सोय झाली, असं त्यांना वाटतं. चार्जरची जाडजूड गन हातात घेऊन नीट पाहा. वरच्या गोल भागाखाली दोन मोठ्या पिना असतात. ही सीसीएस-२, म्हणजे डीसी. बहुतेक प्लग-इन गाड्यांच्या सॉकेटला खालची ती दोन भोकंच नसतात, त्यामुळे गन बसतच नाही. त्यांना टाइप-२ चा एसी चार्जर लागतो. काही ठिकाणी नुसतं सॉकेट असतं, केबल आपली न्यावी लागते.

बरं, एसी चार्जर मिळाला तरी वेग ठरवतो गाडीतला चार्जर. एक्सएममध्ये तो ७.४ किलोवॅटचा आहे, चार्जरवर २२ लिहिलेलं असलं तरी. अर्ध्या तासात साडेतीन-पावणेचार युनिट, म्हणजे दहा-बारा किलोमीटर. तेवढ्यावर असीरगडाहून बुऱ्हाणपूरही गाठता येत नाही! बॅटरी पूर्ण भरायला चार तासांवर लागतात.

बॅटरी संपली की गाडी अडकते, हेही खरं नाही. पेट्रोल इंजिन आहेच. वाटेतला भेरूघाट चढताना जीव मुठीत धरायचं कारण नाही. म्हणूनच चार्जरवर आपल्यामागे इलेक्ट्रिक गाडी ताटकळत असेल तर जागा तिला द्यावी. तिला दुसरा आधार नाही.

स्वस्ताईचं म्हणाल तर हिशेब करा. सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा सगळं धरून युनिट २० रुपयांना पडलं आणि त्यात गाडी तीन किलोमीटर गेली, तर किलोमीटरला सातेक रुपये. घरी ८ रुपयांची वीज धरली तर तीनच्या आत. ज्याच्या घरी गाडीजवळ सॉकेट नाही, त्याने प्लग-इन घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हिरवी नंबर प्लेट आणि ५ टक्के जीएसटीही तिला मिळत नाही. ते निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी.

चार्जर बसवायला वीजविक्रीचं लायसन लागतं, ही समजूतही चुकीची. चार्जिंग ही वीजविक्री नव्हे, सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय. मुक्कामी गिऱ्हाईक येणाऱ्या बुऱ्हाणपूरच्या लॉजवाल्यांनी पार्किंगमध्ये एक ७.४ चा एसी चार्जर लावला, तर पाहुणा झोपेतून उठेपर्यंत गाडी भरलेली असेल.