कंटाळ्यातून जन्मलेले आकडे

अणुइंधनाची गोळी करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असते. इंग्लंडमधील सेलाफिल्डच्या कारखान्यात जपानच्या ताकाहामा अणुवीज केंद्रासाठी युरेनियम आणि प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साइडच्या अशा गोळ्या बनत. यंत्र प्रत्येक गोळीचा व्यास मोजत असे. त्यावर ग्राहकाची आणखी एक अट होती: प्रत्येक घाण्यातल्या काही गोळ्या कामगाराने पुन्हा हाताने मोजून नोंदवायच्या. तासन्‌तास तेच काम, आकडेही जवळपास तेच. मग काहींनी आधीच्या घाण्याचे आकडे संगणकावर उचलून नव्या तक्त्यात चिकटवायला सुरुवात केली.

ऑगस्ट 1999 मध्ये दोन घाण्यांचे आकडे संशयास्पदरीत्या सारखे दिसले आणि बिंग फुटले. अणुसुरक्षा निरीक्षकांना आढळले की हा प्रकार 1996 पासून चालला होता. त्यांनी कामगारांना दोष दिलाच, पण ढिसाळ देखरेख आणि कामाची चुकीची आखणी यांनाही सोडले नाही. मला हे योग्य वाटते. जे मोजमाप कोणी पाहतच नाही, ते प्रामाणिकपणे करत राहणे कठीण असते.

गंमत म्हणजे इंधन सुरक्षितच असल्याचा निर्वाळा निरीक्षकांनी दिला; यंत्राची मोजणी होतीच. तरीही जपानने ते वापरले नाही. कारखाना चालवणाऱ्या कंपनीने काही कामगारांना काढून टाकले, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यालाही 2000 मध्ये पद सोडावे लागले आणि जपानी ग्राहकाला भरपाई द्यावी लागली. 2002 मध्ये ते इंधन जहाजाने समुद्रमार्गे इंग्लंडला परत आले.