प्रमाणपत्र कशाचे?

अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी खात्यांतील संवेदनशील माहिती जपणारे एन्क्रिप्शन 'फिप्स १४०' या मानकानुसार प्रमाणित असणे बंधनकारक आहे. त्यामुळे अनेक कंपन्या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये 'ओपनएसएसएल' या लायब्ररीचे प्रमाणित मॉड्यूल वापरतात. मात्र प्रमाणपत्र मिळते ते मॉड्यूलच्या ठरावीक आवृत्तीला, संपूर्ण सॉफ्टवेअरला नव्हे. २०१४ मध्ये उघडकीस आलेला 'हार्टब्लीड' दोष ओपनएसएसएलमध्येच होता. पण प्रमाणित मॉड्यूलच्या बाहेर. प्रमाणपत्र अबाधित राहिले आणि सर्व्हरच्या मेमरीतील पासवर्ड चोरणे मात्र शक्य झाले. उलट, दोष मॉड्यूलमध्येच सापडला, तर दुरुस्त आवृत्ती पुन्हा प्रमाणित करून घ्यावी लागते. तोवर जुनी प्रमाणित आवृत्ती वापरावी की नवी निर्दोष, हा पेच उरतो. म्हणूनच प्रमाणपत्राचा क्रमांक पाहणाऱ्याने त्याची व्याप्तीही तपासणे अगत्याचे ठरते.