सर्व्हर बंद केला तर काय काय अडेल?

बँकेतला एखादा जुना सर्व्हर बदलायचा असतो. तो बंद केल्यावर नेमकं काय अडेल, हे आधीच कळावं म्हणून मोठ्या संस्था चार थरांचा नकाशा ठेवतात: कामकाज, माहिती, अ‍ॅप्लिकेशन आणि तंत्रज्ञान. जॉन झॅकमन यांनी १९८७ साली माहिती-प्रणालींच्या मांडणीचा आराखडा प्रसिद्ध केला. आज प्रचलित असलेली ‘टोगाफ’ ही पद्धत हेच चार थर मानते.

गृहकर्ज मंजुरीचं उदाहरण घ्या. मंजुरी हे झालं कामकाज. त्याला अर्जदाराच्या उत्पन्नाची आणि आधीच्या कर्जफेडीची माहिती लागते. ती कर्जविभागाच्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये भरली जाते आणि ते अ‍ॅप्लिकेशन डेटाबेस व सर्व्हरवर चालतं. नकाशात चौकटींपेक्षा त्यांना जोडणाऱ्या रेघा महत्त्वाच्या. खालून वर वाचलं की बिघाडाचा फटका कुठल्या कामाला बसेल ते दिसतं. वरून खाली वाचलं की नियम बदलल्यावर कुठे हात घालावा लागेल ते समजतं.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअर घटकात गंभीर त्रुटी उघड झाली. तेव्हा संस्थांपुढे पहिला प्रश्न होता, हा घटक आपल्याकडे कुठे कुठे आहे? अद्ययावत नकाशा असेल, तरच अशा प्रश्नाचं उत्तर चटकन सापडतं. म्हणून बदलाला मंजुरी देतानाच नकाशातली नोंदही सुधारून घ्यावी.