फुरसे : लहान पण विषारी



अमेरिकेत शेपटीचा खुळखुळा वाजवणारा एक विषारी साप असतो. तो आपल्याकडे नाही. पण आपल्या पेण-रोहे भागात, सगळ्या कोकणातच, आवाज करून सावध करणारा एक साप आहे. तो म्हणजे फुरसे.

फुरसे आकाराने लहान. बहुधा एक ते दोन फूट. रंग मातकट, त्यामुळे दगडात नि पाचोळ्यात दिसतच नाही. डोक्यावर बाणासारखी पांढरट खूण असते. अंगाच्या बाजूचे खवले करवतीच्या दातांसारखे असतात. घाबरले की ते वेटोळे करते आणि खवले एकमेकांवर घासते. मग करकर असा आवाज येतो. आवाज आला की समजावे, "जवळ येऊ नका" असे ते सांगते आहे.

माझी आजी म्हणते, फुरसं उडून चावतं. ते उडत नाही, पण झेप फार चपळ असते. विंचू, गोम, बेडूक, पाली, उंदीर हे त्याचे खाणे. ते अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. पिल्लूसुद्धा विषारी असते.

फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. कधी कधी हे उशिरा दिसते. म्हणून "आता बरं वाटतंय" असे म्हणून घरी बसू नये. डॉक्टर थोडे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. गोठले नाही तर विष भिनले असे समजतात. मग सापाच्या विषावरचे इंजेक्शन देतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर ते एकच चालते. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात आणि त्याच्या रक्तापासून हे औषध करतात. मुंबईला परळची हाफकिन संस्था १८९९ साली सुरू झाली. हाफकिनचे हे औषध प्रसिद्ध आहे.

साप चावला तर हे लक्षात ठेवा :
१) धावू नका. चावलेला हात किंवा पाय हलवू नका.
२) घट्ट दोरी बांधू नका, ब्लेडने कापू नका, रक्त चोखू नका.
३) मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ नंबरला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

मोळी उचलताना, गवत कापताना, दगड हलवताना आधी काठीने चाचपा. अनवाणी जाऊ नका. रात्री बॅटरी घ्या. आईबाबांनो, तुम्हीपण हं!