शिडाच्या होडीचा पहिला दिवस

खारे वारे आणि मतलई वारे यांवरचा प्रश्न नागपूरच्या मुलांनाही सोडवावा लागतो. अरबी समुद्र इथून साडेसहाशे कि.मी.हून दूर, आणि असे वारे निर्माण व्हायला अंबाझरी तलाव फारच लहान. त्यामुळे उत्तर पाठ होते इतकेच. आम्ही सुचवतो की वर्गात नकाशा पसरून शिडाच्या लहान होडीचा पहिला दिवस आखावा.

मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया सुमारे १८°५५' उत्तर अक्षांशावर आहे, रेवदंडा १८°३३' वर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल (१.८५२ कि.मी.). किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर असल्याने अंतर साधारण २२ सागरी मैल. होडीचा वेग ४ नॉट धरू. (‘ताशी ४ नॉट’ म्हणू नये, नॉट म्हणजेच ताशी एक सागरी मैल.) भागाकार केला की साडेपाच तास येतात. मग नाश्ता करून नऊला निघाले तर काय बिघडले?

बिघडते ते वाऱ्यामुळे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे मतलई वारा समुद्राकडे वाहतो. ऊन चढले की तो मंदावतो. जमीन पुरेशी तापून खारा वारा सुरू व्हायला बहुधा दुपार उजाडते. मधले दोन-तीन तास शीड नुसते लोंबते. नऊला निघणारा या खिंडीतच सापडतो, आणि खाडीच्या तोंडाशी पोहोचेपर्यंत अंधारू लागते. तिथे मासेमारीच्या जाळ्यांचे खुंटे असतात. ते अंधारात दिसत नाहीत. सहाला निघणारा मात्र साडेनऊच्या आत खांदेरीजवळ असतो आणि दुपारी उजेडातच नांगर टाकतो.

याच खांदेरीला १६७९ साली इंग्रजांनी वेढा घातला होता. त्यांच्या मोठ्या जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान होड्या रात्री बेटावर रसद पोहोचवत. वल्ही मारणाऱ्याला पडलेला वारा अडवत नाही.

जमीन लवकर का तापते? मुले ‘पाण्याची विशिष्ट उष्मा जास्त’ एवढेच लिहितात. ते खरे, पण अपुरे. सूर्यप्रकाश पाण्यात खोलवर जातो आणि लाटांमुळे पाणी ढवळले जाते, म्हणून उष्णता जाड थरात वाटली जाते. वाळूचा मात्र वरचा पातळ थरच तापतो.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत खाऱ्या वाऱ्याचा बाण किनाऱ्याला काटकोनात असतो. प्रत्यक्षात पृथ्वीच्या परिवलनामुळे उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे वळतो. कोकणात दुपारी तो बरेचदा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीमागून मिळतो. परतताना मात्र तोच तोंडावर. वारा थेट उत्तरेचा झाला, तर होडीला दोन्ही बाजूंना ४५° करून नागमोडी जावे लागते आणि २२ मैलांचे ३१ होतात (√२ ने गुणून पाहा). म्हणून परतीचे बरेचसे अंतर पहाटेच कापावे. मतलई वारा पूर्वेकडून, म्हणजे आडवा मिळतो.