लाकूड आणि वाळणारे तेल

स्वयंपाकघरात तेलाचा डबा ज्या फळीवर वर्षानुवर्षे ठेवला जातो, त्या फळीवरून एकदा बोट फिरवून पाहावे. बोटाला ओले तेल लागत नाही. लागतो तो एक पिवळसर, चिकट आणि हट्टी थर. थंड पाण्याने तो निघत नाही, आणि गरम पाणी व साबण यांनाही सहजासहजी दाद देत नाही. डब्यातील तेल पातळच आहे, पण त्याच तेलाचा सांडलेला ओघळ मात्र राळेसारखा झाला आहे. सांडलेले पाणी उडून जाते. तेल तर उडून जात नाही. मग ते घट्ट कसे होते? घरातील लाकडाला कोणते तेल द्यावे, ते कसे द्यावे आणि देताना कोणता धोका टाळावा, या तिन्ही गोष्टींचा उलगडा या एका प्रश्नाच्या उत्तरातून होतो. म्हणून प्रथम त्याचाच विचार करू.

‘वाळणे’ हा शब्द आपण दोन निरनिराळ्या क्रियांसाठी वापरतो. खुर्चीला लाखेचे पॉलिश करताना लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते. स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ पापुद्रा मागे राहतो. त्यावर पुन्हा स्पिरिट सांडले, तर तो पुन्हा विरघळतो. म्हणजे ही क्रिया उलटवता येते. तेलाचे तसे नाही. काचेच्या तुकड्यावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ थर पसरून ती काच तोलावी, आणि थर घट्ट झाल्यावर पुन्हा तोलावी. वाळणाऱ्या वस्तूचे वजन घटले पाहिजे असे कोणालाही वाटेल. येथे मात्र ते वाढलेले आढळते. शाळेच्या प्रयोगशाळेत नाजूक तराजू असल्यास हा प्रयोग अवश्य करून पाहावा. वास असलेले काही पदार्थ तेलातून उडून जातात खरे, परंतु त्यांच्याहून अधिक वजनाचे काहीतरी हवेतून येऊन तेलाला मिळालेले असते. ते म्हणजे प्राणवायू, अर्थात ऑक्सिजन.

हे कसे घडते ते थोडक्यात असे. तेलातील मेदाम्लाचा रेणू ही कार्बनच्या अणूंची एक लांब साखळी असते. जवस, करडई, भुईमूग यांच्या तेलांत ती बहुतांशी अठरा अणूंची असते. या साखळीत काही ठिकाणी कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. ओलेइक आम्लात असा एक बंध असतो, लिनोलेइकमध्ये दोन, तर लिनोलेनिकमध्ये तीन. दोन दुहेरी बंधांच्या मधोमध असलेल्या कार्बनवरील हायड्रोजन सैल असतो. तो सुटला की तेथे प्राणवायू येऊन बसतो. त्यातून अस्थिर परॉक्साइडे तयार होतात, ती फुटतात, आणि या घडामोडीत एक साखळी शेजारच्या साखळीला सांधली जाते. असे लक्षावधी सांधे जुळले की सुट्या साखळ्यांचे एक जाळे बनते. जाळ्यातील रेणू एकमेकांवरून घसरू शकत नाहीत. म्हणजेच द्रवाचा घन होतो. हे जाळे स्पिरिटने अथवा टर्पेंटाइनने पुन्हा विरघळत नाही. या सर्व क्रियेत उष्णता बाहेर पडते. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

ज्या तेलात दुहेरी बंध अधिक, ते तेल लवकर वाळते, हे आता सहज समजेल. हे बंध मोजण्याचे रसायनशास्त्रज्ञांचे एक माप आहे. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषून घेते, त्या आकड्याला त्या तेलाचा आयोडीन अंक म्हणतात. खोबरेलाचा अंक १०च्या आसपास, भुईमुगाच्या तेलाचा साधारण ९०, करडईच्या तेलाचा १४०च्या पुढे आणि जवसाच्या तेलाचा १७० ते २०० असतो. स्थूलमानाने ज्यांचा अंक १३०हून अधिक, ती वाळणारी तेले समजावीत. झोपाळ्याला अथवा देव्हाऱ्याला खोबरेल चोळण्याची चाल अनेक घरांत आहे. त्याने लाकूड दोन दिवस झळाळते, पण खोबरेल कधीच वाळत नाही. त्यावर धूळ बसते व कपड्यांना डाग पडतात. भुईमुगाचे तेल याहूनही त्रासदायक, कारण ते धड ओलेही राहत नाही आणि धड वाळतही नाही. एरंडेल दाट असल्यामुळे ते चांगले बसेल असा समज होतो, परंतु दाटपणा आणि वाळण्याचा गुण यांचा काही संबंध नाही. एरंडेलावर विशेष रासायनिक प्रक्रिया केल्यावरच ते वाळणारे होते.

करडईविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सोलापूर व मराठवाडा या भागांत ते घरचेच पीक आहे. करडईचे तेल जवसापेक्षा सावकाश वाळते, पण काळाने जवसाइतके पिवळे पडत नाही. फिकट रंगाच्या लाकडाला हा मोठाच गुण. मात्र अलीकडे ओलेइक आम्ल अधिक असलेले करडईचे वाणही निघाले आहेत. त्यांचे तेल तळणीला चांगले, लाकडाला निरुपयोगी. शिवाय खाण्याच्या शुद्ध केलेल्या तेलांत ती खवट होऊ नयेत म्हणून काही वेळा प्राणवायूला रोखणारे पदार्थ मिसळलेले असतात. खवट होणे आणि वाळणे या एकाच वाटेवरच्या क्रिया असल्यामुळे, जो पदार्थ एकीला अडवतो तो दुसरीलाही अडवतो.

चीनमधील तुंग वृक्षाच्या बियांचे तेल जवसाहून कठीण आणि पाण्याला अधिक दाद न देणारे कवच देते. पण त्याचा जाड थर दिल्यास तो सुरकुततो, आणि त्या बिया विषारी असतात. कोकणात व गोव्यात होड्यांना काजूच्या टरफलाचे तेल देतात. ते कीड दूर ठेवते हे खरे, परंतु ते काळपट असून कातडीला भाजते. घराच्या आत त्याचे काम नाही.

सामान्य गृहस्थाने, आमच्या मते, जवसाचेच तेल घ्यावे. विदर्भात, मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडात हे पीक जुने आहे. जवस, अळशी, अलसी या नावांनी ते देशभर ओळखले जाते. क्रिकेटच्या बॅटला मुले जे तेल चोळतात तेही हेच. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस घेते, पावसाळ्यात तर आठवडे. ‘बॉइल्ड’ किंवा ‘डबल बॉइल्ड’ म्हणून विकले जाणारे तेल एका दिवसात हाताला कोरडे लागते. नावावरून ते केवळ उकळलेले असेल असे वाटते. वस्तुतः त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि ते प्राणवायू घेण्याची क्रिया जलद करतात. पूर्वी यासाठी तेलात मुरदाडशिंग घालून ते तापवीत. मुरदाडशिंग म्हणजे शिशाचे ऑक्साइड, आणि शिसे हे विशेषतः मुलांच्या मेंदूला अपायकारक आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, असा नियम भारत सरकारने २०१६ साली केला. तेल विकत घेतानाही त्यात कोणता धातू आहे हे दुकानदारास विचारावे. कोबाल्ट अथवा मँगनीज असलेले घ्यावे, आणि उत्तर मिळाले नाही तर दुसरे दुकान पाहावे. पोळपाट, लाटणे, परात यांना मात्र असे तेल मुळीच लावू नये. तेथे शुद्ध कच्चे तेल चालेल, पण ते पुरते वाळेपर्यंत धीर धरावा लागेल.

तेलाकडून भलत्या अपेक्षाही ठेवू नयेत. तेलाचे कवच सांडलेले पाणी काही काळ अडवते, हातांचा मळ लाकडात मुरू देत नाही, आणि लाकडाच्या रेषा खुलवते. हवेतील बाष्प मात्र ते फारसे अडवीत नाही. म्हणून मृगाच्या सरींनंतर फुगून अडकणारे दार तेल दिले तरी अडकणारच. त्यासाठी रंधाच हाती घ्यावा लागतो. वाळवीवरही हा उपाय नव्हे. तसेच बंद कपाटांच्या व खणांच्या आतील बाजूस तेल देऊ नये. तेथे हवा खेळत नसल्याने वास महिनोन्‌महिने कोंडून राहतो, आणि ग्रंथालयात तर ती वाफ पुस्तकांच्या कागदाला बाधते. तेलाचा खरा मोठेपणा दुरुस्तीत आहे. लाखेच्या पॉलिशवर गरम पेल्याचे पांढरे वर्तुळ उमटू शकते. तेल दिलेल्या मेजावर ओरखडा उठला तर तेवढीच जागा घासून तेवढ्याच जागी तेल देता येते.

आता प्रत्यक्ष कृती. दिवस कोरडे व उबदार निवडावेत. पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरचे दिवस उत्तम. जुना रंग, मेण अथवा पॉलिश पूर्णपणे काढून टाकावे, नाहीतर तेल आत शिरणार नाही. मग काचकागदाने, प्रथम जाड आणि शेवटी बारीक, रेषांच्या दिशेनेच घासावे. आडवे घासल्यास पडणारे ओरखडे तेल दिल्यावर अधिकच उठून दिसतात. धूळ पुसून, पाठीमागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर थोडे तेल लावून रंग पाहावा. शिसव आणि काही वेळा सागवानही स्वतःच्या अंगच्या द्रव्यांमुळे तेलाला वाळू देत नाही. ही परीक्षा तेथे विशेष उपयोगी पडते. पहिल्या हातासाठी तेलात तितकेच टर्पेंटाइन मिसळावे, म्हणजे ते पातळ होऊन खोल मुरते. सुती फडक्याने तेल चोळावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे, आणि नंतर कोरड्या फडक्याने वर राहिलेले सर्व तेल पुसून काढावे.

या पुसण्यावरच सारे काम अवलंबून आहे, आणि नवशिके चुकतात ते येथेच. जाड थर म्हणजे अधिक संरक्षण असे त्यांना वाटते. पण प्राणवायू वरूनच आत शिरतो. थर जाड असला की वरची कातडी आधी घट्ट होते, खालच्या तेलाला हवा मिळत नाही, आणि स्वयंपाकघरातील त्या फळीसारखाच चिकटपणा मेजावर कायमचा बसतो. लावलेले तेल पुसून टाकताना ते वाया गेल्यासारखे वाटते, तरी हात आखडू नये. एक दिवसाने दुसरा हात, पुन्हा एक दिवसाने तिसरा. यांत टर्पेंटाइन कमी अथवा मुळीच नसावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्याने टर्पेंटाइनची वाफ बाहेर जाते आणि तेलाला हवी ती हवा आत येते.

काम संपले की तेलाने भिजलेली फडकी उरतात. त्यांविषयी जे सांगावयाचे आहे ते वाचल्यावाचून कोणीही तेलाचा डबा उघडू नये. तेल प्राणवायू घेते तेव्हा उष्णता बाहेर पडते, हे आपण पाहिले. लाकडावरील पातळ थरातून ती लगेच हवेत निघून जाते. फडक्याच्या धाग्याधाग्यावर मात्र तेच तेल फार मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असते. आणि अशी फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली की बाहेरची फडकी आतल्या फडक्यांना रजईसारखी पांघरतात. आतील उष्णता बाहेर पडत नाही, तापमान वाढते, वाढलेल्या तापमानाने क्रिया आणखी जलद होते, आणि काही तासांनी तो ढीग काडी न लावता पेट घेतो. तोपर्यंत कामगार बहुधा घरी गेलेले असतात.

२३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीत नेमके हेच घडले. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी तक्तपोशीला नव्याने झिलई देण्याचे काम चालले होते. तो शनिवार होता. काम आटोपल्यावर जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी तेथेच राहिली, आणि रात्री आग लागली. ती एकेक मजला वर चढत गेली आणि तिसाव्या मजल्यावरील पाण्याच्या स्वयंचलित फवाऱ्यांनी ती रोखली. तोवर आठ मजले जळाले होते आणि अग्निशमन दलाचे तीन जवान प्राणास मुकले होते. ती इमारत पुन्हा वापरात आलीच नाही. १९९९ साली ती पाडण्यात आली.

याला उपाय बिनखर्चाचा आहे. प्रत्येक फडके घराबाहेर, सावलीत, दोरीवर अथवा तारेवर एकेरी पसरून वाळत घालावे. ते पापडासारखे कडक झाले की त्यातील धोका संपला. तशी जागा नसेल तर फडकी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावीत. चुरगळलेले एकही फडके कचऱ्याच्या टोपलीत, कपड्यांच्या गाठोड्यात अथवा जिन्याखाली राहू देऊ नये. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात, सुट्टीची घंटा होण्यापूर्वी शिक्षकांनी फडकी मोजून घ्यावीत.

उरलेले तेल अर्ध्या भरलेल्या डब्यात ठेवल्यास काही दिवसांनी त्यावर रबरासारखी साय धरते. इंग्लंडमधील फ्रेडरिक वॉल्टन याने रंगाच्या डब्यावरील अशीच साय पाहून तिच्यापासून जमिनीवर अंथरावयाचे लिनोलियम तयार केले आणि १८६३ साली त्याचे पेटंट घेतले. आपल्याला मात्र तेल तेलच राहावयास हवे असते. यासाठी ते लहान बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरून घट्ट बूच लावावे, म्हणजे आत हवेला जागाच उरत नाही. वर्षभराने जेथे हाताची ये-जा अधिक, अशा कडा व मुठी कोरड्या दिसू लागतील, तेव्हा त्याच बाटलीतील थोडे तेल त्यांना चोळून पुसून घेतले की पुरते.